चुलीत काय जळायचं, हे ठरवतं कोण? शहापूर-मुरबाडच्या सरपणाचा इतिहास

‘गॅस दिला तरी या लोकांची चूल सुटत नाही.’ हे वाक्य सरकारी बाबूंच्या तोंडी असतं, संस्थावाल्यांच्या तोंडी असतं आणि कल्याण-ठाण्याला फ्लॅट घेतलेल्या आपल्याच नातेवाइकांच्याही तोंडी असतं. वाक्य साधं दिसतं, पण त्यात निवाडा आहे. गरीब बाईला आपलं हित कळत नाही, तिला धुराची सवय झाली आहे, असा तो निवाडा. म्हणजे जणू बाजारात चार इंधनं मांडून ठेवली होती आणि तिने त्यातून लाकूड उचललं!

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला की हा निवाडा टिकत नाही. इथल्या चुलीत काय जळणार, हे कधी जंगलखात्याने ठरवलं, कधी गावच्या पाटलाने, कधी कोळशाच्या ठेकेदाराने आणि आता तेल कंपन्यांच्या दरपत्रकाने. बाईच्या हाती राहिली ती फक्त फुंकणी.

आधी चुलीकडे नीट बघू. हल्ली बाजारात ‘मल्टी-फ्युएल’ म्हणून शेगड्या विकल्या जातात, पण आपली मातीची चूल पहिल्यापासून बहुइंधनीच आहे. तिला लाकूड चालतं, शेणी चालतात, कारवीच्या काटक्या चालतात, पालापाचोळा चालतो. ती सगळं खाते, कारण जे मिळेल ते तिला घालावं लागलं. पण सगळं जळण सारखं नसतं, आणि हे ज्ञान डोंगरातल्या बायकांना कुठल्याही इंजिनियरपेक्षा जास्त आहे. खैर, धावडा, ऐन ही जड लाकडं. सावकाश जळतात, निखारा धरतात, भाकरीला आच एकसारखी देतात. सावर आणि पांगारा हलके, भडकन पेटून विझणारे. शेणी मंद जळतात, दूध तापवायला बऱ्या, पण धूर डोळे फोडणारा. भाताचं तूस नुसतं चुलीत टाकलं तर घुसमटून विझतं, कारण जळल्यावर त्याची पाचव्या हिश्शाइतकी राखच होते. त्याला भुशाची शेगडी लागते, डब्यात दाबून भरून मधोमध हवेला वाट ठेवलेली. मोहाचं झाड सरपणासाठी तोडायचं नाही, कारण ते पोट भरतं. हे सगळं ठाऊक असलेली बाई ‘अडाणी’ आणि तिला मातीची सुधारित चूल शिकवायला आलेला साहेब तज्ज्ञ, ही मांडणी कुठून आली हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग इतकं माहीत असताना ती ओलं लाकूड का जाळते? इथे जात आणि मालमत्ता चुलीपर्यंत येतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. आडोशाला काही महिने वाळवलं तर ते १५-२० टक्क्यांवर येतं. ओल्या लाकडाची काही उष्णता स्वतःतलं पाणी उकळण्यातच जाते आणि धूर होतो. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो. म्हणून आगोटीच्या आधी सरपण भरून ठेवायचं ही रीत. पण भरून ठेवायचं कुठे? ज्याच्या घराला पडवी आहे, माळा आहे, गोठा आहे, त्याचं लाकूड श्रावणातही खडखडीत असतं. ज्याचं घर एका खणाचं, त्याची मोळी दाराबाहेर भिजते. कोरडं सरपण ही मालमत्ता आहे. वाडा, आळी आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांतला फरक पावसाळ्यात कौलांवरून निघणाऱ्या धुराच्या रंगावरूनही ओळखता येत होता.

आता जंगलाकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणहून पुढे सरकली ती वाशिंद, आसनगाव, कसारा अशीच शहापूरच्या जंगलातून. थळ घाट ओलांडून ती १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड हवं होतं, कोळसा हवा होता. ठाणे जिल्ह्याचं जंगल एकाएकी मौल्यवान झालं आणि ज्या दिवशी ते मौल्यवान झालं त्या दिवशी ते आपलं राहिलं नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वाटणी केली. कालपर्यंत जे सरपण होतं ते आज ‘वनोपज’ झालं आणि ते आणणारी बाई गुन्हेगार.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर गिळल्याबद्दल जे कोरडे ओढले, त्याला ही पार्श्वभूमी होती. ओरड इतकी वाढली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली जंगलविषयक गाऱ्हाणी ऐकायला सरकारला १८८५ मध्ये कमिशन नेमावं लागलं. त्याच्या अहवालात ‘राब’ या विषयाने मोठी जागा घेतली. राब म्हणजे भाताचा तरवा पेरण्याआधी त्या जागेवर झाडाचे टहाळे, शेण, पाला पसरून जाळणं. शेतीवाल्यांना राबाला टहाळ तोडण्याचा हक्क हवा होता, सरकारला जंगल हवं होतं. भांडण या दोघांत झालं. ज्याच्याकडे शेतच नाही, त्याच्या चुलीचं काय? बिनजमिनीचा माणूस या भांडणात पक्षकारच नव्हता. उलट जे शेण आणि ज्या फांद्या चुलीत गेल्या असत्या, त्यांच्यावर पहिला हक्क राबाचा, म्हणजे जमीनवाल्याचा ठरला. ‘शेतकऱ्यांचा लढा’ असं म्हणून आपण हा इतिहास वाचतो तेव्हा हा प्रश्न विचारायला विसरू नये.

१९२७ हे साल आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय वन कायदा आला, जो आजही लागू आहे. त्या कायद्याने राखीव जंगलात शिरणं, तोडणं, वेचणं हे गुन्हे पक्के केले आणि कोयता-कुऱ्हाड जप्त करण्याचे अधिकार दिले. एकीकडे माणसं सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगत होती, दुसरीकडे सार्वजनिक सरपणाला कुलूप लागत होतं. पाण्याचा इतिहास आपण लिहिला, गायला. सरपणाचा लिहिलेला नाही.

सरपणावर हक्क नव्हता, पण ते वाहण्याचं काम मात्र आपल्याच लोकांवर होतं. महार वतनाच्या कामांची यादी काढून पाहा. सरकारी कामगार गावात उतरला की त्याच्या मुक्कामाला लाकूडफाटा पुरवायचा, पाटलाच्या दारात लाकडं फोडायची, गावात कुणी मेलं की चितेची लाकडं वाहायची. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुत्याच्या नावाने मिळेल ते. दुसऱ्याच्या चुलीला आणि दुसऱ्याच्या चितेला लाकूड पुरवणाऱ्याच्या घरात मात्र काटक्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणेचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता: कामाला सीमा नाही, वेळेला सीमा नाही, सगळं घरदार जुंपलेलं आणि मोबदला क्षुल्लक. ही वतनं कायद्याने संपायला १ ऑगस्ट १९५९ उजाडावा लागला.

आदिवासींच्या वाट्याला हेच वेठीच्या नावाने आलं. ब्रिटिशांनी १९३६ मध्ये ज्या भागांना ‘अंशतः वगळलेले’ ठरवलं त्यात शहापूर तालुका होता. या भागांतल्या स्थितीवर सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातल्या वेठीची आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जातून आयुष्यभर गडी होणाऱ्यांची नोंद आहे. जमीनदाराचं गवत कापणं, लाकूड आणणं ही कामं वेठीत धरलेलीच असत. जिल्ह्याच्या उत्तरेला तलासरी-उंबरगावकडे ही वेठ मोडली ती १९४५ च्या वारली उठावाने, कुणाच्या दयेने नव्हे.

आणि कोळसा! या दोन तालुक्यांतल्या कातकऱ्यांना विचारा. त्यांचं नावच काताच्या धंद्यावरून पडलं असं सांगतात. खैराच्या काताचा धंदा जंगल कायद्यांत गेला आणि पुढे पिढ्यानपिढ्या ही कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. पावसाळ्यात पोटाला नसताना ठेकेदाराची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला बायकामुलांसकट जंगलात जाऊन राहायचं. लाकूड रचायचं, मातीने लिंपायचं, दिवसरात्र जागून भट्टी सांभाळायची. तयार कोळसा पोत्यांत भरून मुंबईच्या वखारींत. चाळीतल्या शेगडीवर बिनधुराचा निखारा फुलायचा तो या माणसांच्या फुप्फुसांच्या जिवावर. उत्तम इंधन बनवणारा स्वतः काय जाळायचा? भट्टीभोवती पडलेल्या ढलप्या. (पुढे कोळसा कमी झाला आणि तीच माणसं त्याच उचलीवर वीटभट्टीवर गेली. ठेकेदाराचा धंदा बदलला, हिशेबाची वही तीच.)

इंधनाची गोष्ट इथे बहिष्काराशीही जोडली जाते. १९२८ ते १९३० या काळात मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीने नोंदवलं की अस्पृश्यांनी हक्क सांगितला की गाव बहिष्कार टाकतो, वाटा बंद करतो, वाणी जीवनावश्यक माल विकत नाही. वाट बंद म्हणजे रानाची वाटही बंद. ज्याच्याकडे ना जमीन, ना गुरं, ना जंगलाचा हक्क, त्याची चूल विझवायला हातही उचलावा लागत नाही. ज्याचं इंधन दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मर्जीवर.

म्हणूनच बाबासाहेब ऊर्जेकडे ज्या नजरेने पाहत होते ती समजून घ्या. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीसमोर त्यांनी जी भूमिका मांडली तिचा गाभा असा: वीज कुणाच्या नफ्यासाठी नको, ती मुबलक हवी, स्वस्त हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय हा देश दारिद्र्यातून सुटणार नाही. ‘चुलीकडे परत चला’ हा त्यांचा मार्ग कधीच नव्हता. खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना त्यांनी काय उत्तर दिलं ते आपल्याला ठाऊक आहे.

त्याच काळात मुरबाडच्या डोंगरात काय चाललं होतं? माथेरानच्या नाभिक घरातले भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. आम्हाला या इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते. ती वीज या गावांच्या डोक्यावरून जात होती आणि खाली कंदीलसुद्धा जपून लावावा लागत होता. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून शहापुरातून मुंबईला जातं. पाणी गेलं, कोळसा गेला, लाकूड गेलं. मागे राहिलेल्यांना आता ‘इंधन बदला’ असा उपदेश.

स्वातंत्र्यानंतर १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. कूप तोडण्याचं काम ठेकेदाराकडून संस्थेकडे आलं, पण जंगलाची मालकी खात्याकडेच राहिली. १९७५ मध्ये खाजगी वनं सरकारजमा झाली, १९८० ला वनसंवर्धन कायदा आला. प्रत्येक टप्प्यावर बाईची वाट थोडी लांब झाली.

घरातलं इंधन मात्र सरकारने अनेकदा बदलायला घेतलं. गोबरगॅस आला. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो शेण लागतं. एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला साधारण दोन घनमीटर, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. भूमिहीन बौद्धाकडे आणि कातकऱ्याकडे पाच जनावरं? योजना उत्तम होती, फक्त ज्याचा गोठा भरलेला त्याच्यासाठी. रॉकेल आलं. रेशनच्या रॉकेलने पावसाळ्यात खरोखर आधार दिला, हे मान्य करायला हवं, पण तो कोटा आटत आटत संपवला गेला. आणि स्टोव्ह म्हटलं की आपल्याला त्याचा ‘भडका’ही आठवतो, ज्यात जळणारी नेहमी सूनच असे. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, २००२ मध्ये केंद्राने तो सोडून दिला.

२००६ च्या सुमाराला एका बड्या तेल कंपनीने महाराष्ट्रासह काही राज्यांत ‘ऊर्जा’ नावाची शेगडी आणली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेने घडवलेली, छोट्या पंख्याची, धूर नगण्य. वस्तू खरंच चांगली होती. काही लाख शेगड्या खपल्या. पण ती चालायची शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, आणि गोळ्या कंपनीकडूनच घ्याव्या लागत. कच्चा माल महागला, गोळ्या महागल्या, घरगुती धंदा कंपनीला परवडेना. शेगड्या माळ्यावर गेल्या. एकाच इंधनावर चालणारी वस्तू गरिबाच्या घरात आणली आणि इंधनाची किल्ली बाहेर ठेवली, की काय होतं त्याचं हे उदाहरण.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली, तीही याच चष्म्यातून पाहावी लागते. आम्ही गॅसच्या विरोधात नाही. धुराने लेकरांना न्यूमोनिया होतो, बायकांची फुप्फुसं आणि डोळे जातात, हे सिद्ध झालेलं आहे. गॅस हा आपल्या बायकांचा हक्कच आहे. पण हिशेब करा. १४.२ किलोच्या एका टाकीतली उष्णता आणि साध्या चुलीची उधळी लक्षात घेतली तर एक टाकी म्हणजे ढोबळमानाने २०० किलो लाकूड. वीस-पंचवीस किलोची एक मोळी धरली तर आठ ते दहा मोळ्या. एका मोळीला अर्धा दिवस धरला तर साडेचार दिवसांची मजुरी. मार्च २०२३ मध्ये मुंबईत टाकी १,१०२ रुपये ५० पैशांना होती आणि त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये. साडेचार दिवसांचे होतात १,२२८. म्हणजे अनुदान न धरताही टाकी लाकडापेक्षा स्वस्तच! मग बाई वेडी आहे का?

नाही. तिच्या त्या साडेचार दिवसांना कुणी २७३ रुपये देतच नाही. हमीचं काम सुरू नसतं, शेतावर काम चार महिने. तिच्या दिवसाला भाव नाही म्हणून लाकूड ‘फुकट’ आहे. टाकीला मात्र एकरकमी नोट लागते. लाकूड महाग की गॅस महाग हा प्रश्नच चुकीचा आहे. बाईची मजुरी शून्य धरणारी व्यवस्था हा खरा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली जेमतेम ४३ टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती, म्हणजे कनेक्शनं वाटून झाल्यावरही.

उलट चित्रही पाहा. मुंबई-नाशिक महामार्गावर आणि माळशेजच्या रस्त्यावर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या झळकतात. गाडीतून उतरणाऱ्यांना ती चव लागते, कारण घरी त्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे. त्यांच्यासाठी चूल ही हौस आहे. फुंकणी कोण फुंकतंय हे पाहायला ते मागच्या बाजूला जात नाहीत. यातलेच काही मोळीवाल्या बाईकडे बोट दाखवून म्हणतात की जंगल हिनेच संपवलं. स्लीपर, इमारती आणि कोळसा विसरायचा आणि वाळलेल्या काटक्या मोजायच्या!

मग आज आपण काय करायचं? आमचं मत असं. घरात गॅस हवाच आणि त्याच्या स्वस्त दरासाठी रस्त्यावर उतरायलाही हवं. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्यांना २०२१ च्या उज्ज्वला दोनमध्ये पत्त्याचा पुरावा नसला तरी स्वयंघोषणेवर कनेक्शन मिळण्याची तरतूद आहे, पाच किलोची टाकीही आहे. हे भट्ट्याभट्ट्यांवर जाऊन सांगायला हवं. पण एकाच इंधनावर घर टांगू नका. जोडीला कमी धुराची, बाजूने काटक्या सरकवता येणारी शेगडी ठेवा, जिच्यात काटकी, शेणी, तूस-शेणाच्या वड्या असं आपल्या शिवारातलं काहीही चालेल. कंपनीच्याच गोळ्या मागणारी शेगडी अनुदानात मिळाली तरी घेऊ नका. पंख्याची घेतली तर आधी विचार करा की पावसात दोन दोन दिवस वीज गेल्यावर ती चार्ज कशी होणार. लाकूड बोटभर जाडीचं फोडून, वाळवून वापरा. रंगवलेली फळी, प्लायवूड, टायरचा तुकडा, प्लास्टिक पेटवणीलासुद्धा नको. तो धूर लाकडाच्या धुरापेक्षाही घातक.

आणि सरपणाचा हक्क कागदावर आणा. वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट स्पष्टपणे घातलेले आहेत. ते गोळा करणं आणि डोक्यावरून वाहून नेणं हा चोरीचा नाही, हक्काचा विषय आहे. अडचण आपल्या लोकांपुढे वेगळी आहे. अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनी गावात राहिल्याचे कागद आणायचे! तरी वाट आहे. सामूहिक वनहक्क हा गावाचा असतो, तो ग्रामसभेतून जातो आणि ग्रामसभेत बौद्धवाड्यातला प्रत्येक प्रौढ सदस्य आहे. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचं बळ आहे. जुने वतनाचे उतारे, जनगणनेच्या नोंदी, वृद्धांचे जबाब हे पुरावे म्हणून जोडता येतात. वतनाच्या कागदात ‘लाकूड पुरवणे’ असं काम लिहिलेलं सापडलं तर तो आपल्या गुलामीचा दाखला आहेच, पण आपण त्या जंगलात पिढ्यानपिढ्या जात होतो याचाही दाखला आहे.

ठाकूर, कातकरी आणि बौद्ध बाया रानात एकाच वाटेने मोळ्या आणतात, पण ग्रामसभेत वेगवेगळ्या बसतात. आपल्या तरुणांनी १ मेच्या ग्रामसभेआधी या तिन्ही वाड्यांत बैठका घ्याव्यात आणि सामूहिक दाव्याचा ठराव एकत्र मांडावा. तेव्हा आगोटीला महिनाच उरलेला असतो आणि सरपणाच्या खेपा चालू असतात, त्यामुळे कोणत्या कंपार्टमेंटमधून कोण काय आणतं हे नकाशावर उतरवून घ्यायला त्याहून चांगली वेळ नाही.